रुमालाखालचा हात

माझ्या उजव्या हाताला अंगठा माझा आहे, तळहात माझा आहे, आणि चार बोटं दुसऱ्यानं केलेली आहेत. लोक विचारतात, ही कल्पना कुणाची? मीही तेच विचारत फिरतोय. मला पटेल असं अजून कुणी सांगितलं नाही, म्हणून स्वतःच लिहायला बसलो. शाळेत चौथीपर्यंत गेलो. शुद्धलेखन बघायचं असेल त्यांनी दुसरीकडं बघावं. आणि हे डाव्या हातानं लिहितोय, तेव्हा अक्षराबद्दल कुणी बोलू नये.

मी जनावरांच्या बाजारातला दलाल. बैल कुणाचा तरी, पैसा कुणाचा तरी, मधला हात माझा. आमच्यात बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहतात, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जातात, आणि किंमत बोटांवर ठरते. समोरच्याची किती बोटं धरली, अख्खं धरलं का पेराशी धरलं, मूठच धरली का, त्यावर आकडा. वर तोंडानं पाण्यापावसाचं, कारखान्याचं, कुणाच्या लग्नाचं बोलायचं. भोवती माणसं माना वर करून उभी असतात, पण त्यांना काही कळत नाही. पटलं तर हातावर हात, न पटलं तर हात झटकून मोकळं. या बाजूच्या बाजारात माझ्या हाताला मान होता. हे मी सांगत नाही, बाजारात विचारा.

मग कडबाकुट्टीनं चार बोटं नेली. कशी नेली ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी ते मशीन आहे त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांच्या घरी नाही त्यांना ऐकून उपयोग नाही.

जखम भरल्यावर बाजारात गेलो. एका शेतकऱ्यानं त्याची देवणी बैलांची जोडी माझ्या भरवशावर आणली होती. समोर अण्णा. अण्णा म्हणजे नळदुर्गच्या पलीकडचा व्यापारी. घरात कानडी, बाजारात मराठी, कपाळाला विभूती. सगळी उमर आम्ही समोरासमोर काढली. त्यानं दाबायचं, मी चढवायचं. मी रुमाल टाकला आणि खाली डावा हात घातला.

अण्णा एक पाऊल मागं सरला. "तात्या, डावा हात?"

"उजवा कुठला आणू?"

"ते खरंय. पण डाव्या हातावर सौदा म्या कवा केला न्हाय. बैल घरात न्यायचाय, तात्या." त्याचा आवाज वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. "मोबाईलवर आकडा दाबा अन् दाखवा की. पोरं तसंच करायलीत."

"मोबाईलचा उजेड मागं उभारलेल्याच्या डोळ्यात पडतो. त्याला सौदा म्हणतात व्हय?"

"मग कसं?"

मग कसं ते मलाही ठाऊक नव्हतं. शेतकऱ्यानं जोडी दुसऱ्या दलालाच्या हातात दिली. मी दावणीला टेकून चहा प्यालो आणि घरी आलो. घरी काही सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर बाजाराच्या दिवशी मी शेतात जायला लागलो आणि बायकोनं ते ओळखलं. उजवा हात रुमालाखाली जाणार नसेल तर बाजारात माझं काम काय? बैल बघणारे लई आहेत.

तिनंच मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं हातापायाच्या मापाचं शिबिर होतं. माप घेणारी पोरगी येडशीची निघाली. पुण्याला इंजिनिअरिंग शिकून परत आलेली. नवे हात तयार करायचं काम ती घरीच करायची. ती एक कागद घेऊन प्रत्येकाला तेच विचारत होती.

"आबा, हातानं काय करायचंय? पेला धरायचा, घास घ्यायचा, सही करायची?"

"पेला डाव्या हातानं धरतो. सही अंगठ्यानं चालती. मला सौदा करायचाय."

तिनं मान वर केली. "म्हणजे काय करायचं?"

मी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्या हातावर टाकला, आणि डाव्या हातानं तिची दोन बोटं धरून दाखवली. मागं रांग खोळंबली होती. तिला त्याचं काही नव्हतं. ती विचारत राहिली. पेर धरलं तर काय? दाब किती? खोटं धरून नंतर नाही म्हणता येतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मला ती पोरगी पसंत पडली.

येडशीला तिचं घर स्टेशनाच्या मागं. पुढच्या खोलीत एक मशीन होतं. कुरडईच्या सोऱ्यातून जशी तार पडते तशी त्यातून प्लास्टिकची बारीक तार पडायची, थरावर थर चढायचा, आणि बघता बघता बोट उभं राहायचं. मी पहिल्या दिवशी जेवण सोडून ते बघत बसलो. खिडक्या मात्र बंद. रामलिंगच्या देवळाकडची वानरं तिकडं येतात, आणि एक वानर तयार केलेलं बोट घेऊन पळालं होतं. तिची आई म्हणाली, चिंचेवर बसून ते बराच वेळ बोट चावत होतं, मग फेकून दिलं. ते बोट मला दाखवलं. दातांचे वण होते, पण मोडलं नव्हतं. पोरगी म्हणाली, "त्या दिवशी कळलं, प्लास्टिक पक्कं आहे."

हात असा होता. तळहातावर खोळ चढवायची. चार बोटांतून चार दोऱ्या मागं येऊन मनगटाच्या वर एका पट्ट्याला बांधलेल्या. मनगट वाकवलं की दोऱ्या ताणायच्या आणि बोटं मिटायची. बॅटरी नाही, काही नाही. एका आठवड्यात मला ते जमलं. माझा स्वतःचा अंगठा आणि ही बोटं मिळून मी समोरच्याचं एक बोट, दोन बोटं, मूठ, पाहिजे ते धरू शकत होतो. पोरगी खूश झाली. मीही खूश झालो. ते घालून घरी आलो आणि बायकोला पुढं बसवलं.

"हात आण. तुला बोटांचा सौदा शिकवतो. तू समोरचा व्यापारी."

संसार सरत आला तरी ही भाषा मी तिला सांगितली नव्हती. धंद्याची गोष्ट घरात सांगायची नाही, असं मला शिकवलेलं. ती पदर सावरून बसली आणि म्हणाली, "अवं, शिकवता कशाला? मला येतीय की."

"कुणी शिकवली?"

"तुमीच. झोपेत माजी बोटं धरून बैल इकता. कवाकवा तर लई सस्त्यात सोडता."

मी टॉवेल टाकला. तिनं खालून माझी प्लास्टिकची बोटं धरली. मी म्हणलं, "दोन." तिनं टॉवेल उचलला. तीन होती. परत धरली. मी म्हणलं, "मूठ." एकच बोट होतं. ती हसायला लागली, मला हसू येईना. हात बोलत होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं. समोरच्यानं काय धरलंय ते मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि रुमालाखाली डोळे जात नाहीत.

हे मी पोरीला सांगितलं तेव्हा तिनं बोटं एकेक करून दाबून बघितली. मग म्हणाली, "त्याला सेन्सर लागतात, आबा. बोटात काही बसवायचं, वायर, बॅटरी. बाजारातल्या धुळीत किती टिकेल सांगता येत नाही. पण बघते." तिनं ते खरंच करून बघितलं. एकदा बोटात काहीतरी बसवलं, ते माझ्या दंडाला गुरगुरायचं, भुंगा बसल्यासारखं. कुठलंही बोट धरा, गुरगुर एकच. मी म्हणलं, हा भुंगा तुझ्याजवळच ठेव. एकदा मी माझी अक्कल चालवली. बोटांना घुंगरू बांध म्हणलं, आवाजावरून कळंल. ती म्हणाली, "मग भोवतीच्या सगळ्या बाजाराला कळेल." हे माझ्यासारख्या दलालाला तिनं सांगावं. मी विषय बदलला.

असे किती हेलपाटे झाले ते मोजले नाहीत. एके दिवशी गेलो तर तिनं नवा पट्टा तयार करून ठेवला होता. जुना घामानं फाटला होता. पट्टा चढवला आणि मनगटाच्या वर टोचायला लागलं.

"हे काय केलंस? आत काटं भरलेत का?"

"गाठी आत राहिल्या असतील, आबा. काल वीज गेली होती, गडबडीत बांधल्या. काढा, लगेच उलट्या करून देते."

"कातडं सोलून निघालं पार. शिकलेल्या माणसाला गाठ बाहेर मारावी एवढं कळू नये?"

मी खिडकीकडं तोंड करून हे बोलत होतो, कारण बाहेर चिंचेवर ते वानर परत आलं होतं. ती हात काढायला बोटांना धरून ओढायला लागली.

"करंगळी नको ओढूस, तिथली गाठ लई रुतती."

ओढणं थांबलं. मी तरी वानराकडंच बघत होतो.

"आबा," ती म्हणाली, "मी करंगळी धरली हे तुम्हाला कसं कळलं?"

"टोचलं म्हणून."

"इकडं बघू नका." तिनं दुसरं काहीतरी धरलं. "आता?"

"अंगठ्याजवळचं."

"आता?"

"मधली दोन्ही. सोड, दुखतंय."

तिनं सोडलं नाही. चार दोऱ्या पट्ट्यावर चार वेगळ्या जागी बांधलेल्या. जे बोट कुणी धरून दाबेल त्याची दोरी ओढली जायची, आणि त्याची गाठ त्याच्या जागी कातड्याला टोचायची. एवढंच होतं सगळं. पहिल्या दिवसापासून दोऱ्या तिथंच होत्या, गाठी बाहेर होत्या म्हणून मुक्या होत्या. तिनं आईला हाक मारली. आईनं येऊन माझी बोटं धरली, मी डोळे मिटून सांगितलं. एकही चुकलं नाही. आई म्हणाली, "बरं झालं बाई, आता ह्यांना चहा तरी दे."

त्यानंतर तिनं गाठी काढून त्या जागी हरभऱ्याएवढे गुळगुळीत मणी बसवले, मण्यांमधलं अंतर वाढवलं, खाली मऊ कापड लावलं. हे लिहायला एक ओळ लागली, तिला दोन महिने लागले. मण्यांची जागा जराशी चुकली की मला दोन बोटं एकच वाटायची. अख्खं बोट धरलं तर मणी जोरात दाबावा, पेराशी धरलं तर हलका, तेही तिनं जुळवलं. ती मोजायची, खोडायची, परत मोजायची. ते सगळं तिचं. तिथं माझं काही नाही.

पण कल्पना कुणाची, यावर आमचं भांडण आहे. तिला कुठंतरी सभेत हे दाखवायचं होतं. तिथं विचारतात म्हणे, कल्पना कशी सुचली. तिनं मला विचारलं, काय सांगू?

"सांग, म्हाताऱ्यामुळं सुचली."

"तुम्ही तर गाठी काढून टाक म्हणत होता, आबा. मी ऐकलं असतं तर?"

"मग तुला सुचली म्हण."

"मला कुठं सुचली? मी पण काढायलाच निघाले होते."

"मग वीज गेली म्हणून सुचली म्हण."

ती हसली, पण मी ते उगीच बोललो नव्हतो. एसटीतून घरी येताना मी तेच धरून बसलो. वीज गेली नसती तर गाठ बाहेर गेली असती. मी गप बसणारा माणूस असतो तर टोचणं सोसलं असतं. ती दुसरी कुणी असती तर म्हातारा किरकिर करतोय म्हणून पट्टा उलटा करून मोकळी झाली असती. आणि ते वानर नसतं तर मी हाताकडंच बघत बसलो असतो, मग कळलं ते डोळ्याला का कातड्याला, हे कुणाला कळलं असतं? यातलं एक काढलं तरी हात बहिराच राहतो. मग नेमकं कुठून आलं हे? कंडक्टरला विचारावंसं वाटलं, पण तो सुट्ट्या पैशावरून कुणाशी तरी बोलत होता.

मग बाजार.

तोच देवणीवाला शेतकरी परत एक जोडी घेऊन आला. मी त्याला निरोप धाडला होता. तो माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "तात्या, जमंल ना? औंदा मला नड हाय." मी म्हणलं, जमंल. समोर अण्णा होताच.

अण्णाच्या खांद्यावरचा रुमाल घेऊन मी टाकला. खाली उजवा हात घातला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"ह्यो उजवा हाय," मी म्हणलं. "घाल हात."

त्यानं घातला. प्लास्टिक हाताला लागल्यावर त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण त्यानं हात काढला नाही. वरती म्हणाला, "ढोकीकडं ऊस बरा हाय म्हणं." खाली त्यानं धरलं. माझ्या मनगटाच्या वर दोन मणी दाबले. मी म्हणलं, "ऊस बरा हाय, पाण्याचं खरं न्हाय," आणि त्याची मूठ धरली. असं बोलणं सुरू झालं. मला वाटलं होतं छाती धडधडंल. तसलं काही झालं नाही. वाडग्यात भाकरी कुस्करावी इतकं सवयीचं वाटलं.

अण्णा चढला, मी उतरलो नाही. तो परत चढला. मग त्यानं शेवटचं म्हणून जे धरलं ते शेतकऱ्याची थट्टा केल्यासारखं होतं. आमच्यात त्याला एकच उत्तर. मी हात झटकला.

मी मागं आलो. हात आला नाही.

खोळ निसटून, पट्टा सुटून, माझी चार बोटं रुमालाखाली अण्णाच्या मुठीत राहिली आणि मी बुंध्यासारखा हात घेऊन उभा राहिलो. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा बाजार हसला. बैलसुद्धा बघायला लागले.

अण्णाच तेवढा हसला नाही. तो रुमालाखाली तसाच धरून म्हणाला, "तात्या, हात माझ्याजवळ हाय. म्हंजे सौदा मोडला न्हाय."

"म्या झटकलाय. बाजारानं बघितलंय."

"माणूस गेला, हात ऱ्हायला. बोलणं हाताशी चाललंय, तुमच्याशी न्हाय."

लोक परत हसले. शेतकरी हसत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की ही थट्टा लांबली तर त्याची जोडी त्याच भावात जाईल. नाही म्हणता येत नाही तो दलाल कसला? पोरीला मी धरणं सांगितलं, दाबणं सांगितलं, खोटं धरणंही सांगितलं. झटकणं सांगायचं राहिलं. ते मी कधी केलंय असं मला वाटतच नव्हतं, ते आपोआप व्हायचं.

मी म्हणलं, "अण्णा, शेवटचं काय धरलं होतंस ते सांगू का मोठ्यानं?"

"तुमाला काय कळणार? प्लास्टिक धरलं होतं म्या."

मी पुढं झालो आणि त्याच्या कानात सांगितलं. अख्खं बोट धरून त्यानं हळूच पेरावर आणलं होतं, नंतर नाकबूल करता यावं म्हणून. तेही सांगितलं.

अण्णानं रुमाल उचलला. हात बाहेर काढला, उन्हात धरला, उलटासुलटा केला. एक बोट ओढलं, पट्ट्यावरचा मणी हलला. दुसरं ओढलं, दुसरा हलला. मग त्यानं सदऱ्याची बाही वर केली, पट्टा स्वतःच्या मनगटावर दाबून धरला आणि मला म्हणाला, "वड." मी ओढलं. तो कानडीत काहीतरी पुटपुटला. परत म्हणाला, "दुसरं वड." बैल, भाव, शेतकरी सगळं विसरून तो तसा उभा होता. येडशीच्या खोलीत मशीनसमोर मी कसा दिसलो असेन ते मला तेव्हा कळलं.

"कुणाची हिकमत ही?" त्यानं विचारलं.

"ते ठरायचंय अजून."

त्यानं खोळ माझ्या तळहातावर चढवली, पट्टा बसवला, आणि सौद्याचा तोच रुमाल घेऊन मनगटावरून, अंगठ्याखालून, पट्ट्यातून कसातरी फिरवून करकचून बांधला. "आता व्हा," म्हणाला. शेतकऱ्यानं आपला टॉवेल दिला. तो टाकून आम्ही परत उभारलो. अण्णा चढला, चांगला चढला, पण मला पाहिजे तिथवर आला नाही. मी झटकला.

हात माझ्याबरोबर आला.

या वेळी कुणी हसलं नाही. तासाभरानं अण्णाच परत आला आणि जोडी शेतकऱ्याच्या मनासारखी गेली. संध्याकाळी घरी येऊन मी पोरीला फोन लावला. झटकण्याचं ऐकून ती आधी हसली, मग तिनं विचारलं, "रुमाल कसा बांधला होता? सोडू नका. फोटो पाठवा."

रुमाल अण्णाचा होता. जाताना त्यानं सोडून नेला होता.

पुढच्या बाजाराला ती स्वतः आली. मी अण्णापुढं हात धरला. म्हणलं, त्या दिवशीसारखा बांध. त्यानं बांधला, मी झटकला, निसटला. परत बांधला, परत निसटला. तो वैतागला. "मला काय ठावं कसा बांधला? बांधला तसा बांधला."

"आठवा की, मामा," ती म्हणाली. ती अगदी जवळ येऊन त्याच्या बोटांकडं बघत होती.

अण्णानं रुमाल खांद्यावर टाकला. "तू असं डोळं लावून बसलीस तर कसं जमंल? तिकडं तोंड कर. तात्या, तुमी कायतरी भावाचं बोला. मला राग येऊ द्या."

ती वळली आणि बैलांकडं बघत उभी राहिली. मी त्याला म्हणलं, तुझ्या बैलाचे दात बघितलेत मी, म्हातारा आहे. अण्णा भडकला, बोलत बोलत रुमाल फिरवायला लागला, आणि ती मागं न बघता हळूच म्हणाली, "आबा, आधी अंगठ्याखालून गेला का वरून?"